कळवू नये

प्रयोगशाळेत तिला सगळे ताईच म्हणत. सख्खा धाकटा भाऊ म्हणायचा तायडे, आणि सात नंबरची नळी त्याचीच होती. नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. पण हा आकडा तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेला, विसरणार कशी?

काम तसं सरळ. एकाच माणसाचं रक्त आणि मणक्यातलं पाणी जेलच्या पातळ थरावर शेजारी शेजारी चालवायचं. त्यातल्या अँटिबॉडीज रेघा होऊन उमटतात. रेघा पाण्यात आहेत आणि रक्तात नाहीत, तर मेंदूत नाहीतर मणक्यात आतल्या आत काहीतरी धुमसतंय असं समजायचं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंवर उठतं तो आजार, त्याच्या बहुतेक रुग्णांत त्या सापडतात. तुलनेला मात्र धडधाकट माणसांचं पाणी लागतं, आणि ते सुखासुखी देतंय कोण! भाऊ जिन्यावरून पडला, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, भूल पाठीतूनच द्यायची होती, तेव्हा ताईनं त्याला गळ घातली. "चार थेंबांनी काय झिजणार आहेस?"

आज त्या पाण्यात पाच रेघा होत्या. रक्तात एकही नाही.

नळ्यांची अदलाबदल झाली असेल, म्हणून तिनं सगळं पुन्हा चालवलं. पुन्हा पाच.

प्रयोगशाळेच्या मॅडमनी संमतिपत्र काढलं. काही आढळल्यास कळवावे, किंवा कळवू नये. खूण 'कळवू नये'वर. "त्यांची इच्छा आहे, ताई. आपले हात बांधलेत."

"त्याची कसली डोंबलाची इच्छा! खूण मी केलीय. 'कळवावे' म्हटलं की कागद वाढतात, म्हणून म्हटलं, कर इथं सही. त्यानं वाचलंसुद्धा नाही हो!"

मॅडमनी कोरं संमतिपत्र पुढे सरकवलं. "मग आता वाचू दे. खूण त्यांनाच करू दे. तोवर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

संध्याकाळी भाऊ तिला न्यायला आला. कठडा धरून, एकेक पायरी चढत. गुडघा अजून कुरकुरतो, म्हणायचा.

"काय तायडे, झालो का पास तुझ्या परीक्षेत?"

एरवी ती म्हणायची, "काठावर." आज म्हणाली, "बस. हा कागद वाच. सगळा वाच."

तो वाचत वाचत त्या दोन चौकटींपाशी थांबला. चेष्टा करायला तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि मिटलं.

"गुडघ्याचं नाहीये ते," तो हळूच म्हणाला. "पाय बधिर पडतो. कधीपासूनचा. जिन्यावरून पडलो तेही त्याच्यामुळेच. तू काळजी करत बसशील, म्हणून बोललो नाही."

"अरे गाढवा!" ती ओरडली आणि तिला रडूच फुटलं.

त्यानं तिच्या कोटाच्या खिशातलं पेन काढलं, 'कळवावे'वर खूण केली, सही केली.

"रडू नकोस," तो म्हणाला. "आता सांग."