तू वाजव, मी जातो

“हे आमचं शेवटचं गाणं,” असं माइकवरच्या पोराने तिसऱ्यांदा जाहीर केलं, तेव्हा तिने खांद्याला अडकवलेली बेस गिटार पुन्हा उतरवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. समोरच्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. पोराला हुरूप आला. हे गाणं त्याला कसं सुचलं, कुठल्या जिन्यात बसून सुचलं, हे तो सविस्तर सांगू लागला. गाण्यापेक्षा प्रस्तावनाच लांब होणार, हे दिसतच होतं.

हॉल तळघरात होता. पूर्वी तिथे कागदाचं गोदाम होतं. ऐन मध्यावर एक खांब होता आणि नाचताना कुणाचं डोकं फुटू नये म्हणून त्याला जुनी गादी गुंडाळली होती. संध्याकाळची सुरुवातच घुं घुं आवाजाने झाली होती. साउंडवाल्याने एकच वायर इतक्या वेळा काढली आणि लावली की शेवटी लोक त्यालाच टाळ्या देऊ लागले. कार्यक्रम ठेवणारा, ज्याला सगळे दाढी म्हणत, “होईल, होईल,” म्हणत फिरत होता. तीन बँड होते आणि पहिलाच अजून मंचावरून हलत नव्हता.

तिचं घोडं अडलं होतं ते घरी. चार वर्षांची लेक समोरच्या दारातल्या काकूंकडे सोपवलेली होती, म्हणजे काकू हिच्याच घरी येऊन बसल्या होत्या, आणि त्या साडेआठपर्यंतच बसणार होत्या. साडेआठ म्हणजे साडेआठ. त्यांच्या यजमानांना त्या वेळी पान वाढलेलं लागायचं आणि त्यात लग्नापासून बदल झालेला नव्हता. ठरलं होतं असं: दुसरा बँड नवऱ्याचा. तो वाजवून झाला की स्कूटरवरून थेट घरी जाणार. तिसरा तिचा. दाढीला या नवराबायकोच्या योगायोगाचं भारी कौतुक वाटलं होतं. त्याने पोस्टरवरही तसं छापलं होतं. प्रत्यक्षात लेक झाल्यापासून दोघांनी एकमेकांना मंचावर पाहिलंच नव्हतं. एक वाजवत असला की दुसरा घरी.

नवरा गर्दीतून वाट काढत आला. त्याच्या गळ्यात गिटार होती आणि ती लोकांना लागू नये म्हणून त्याने ती पोटाशी धरली होती.

“अजून एक गाणं घेणार म्हणतायत,” तो तिच्या कानाशी ओरडला.

“मग दाढीला सांग ना, बंद करायला.”

“सांगितलं. होईल म्हणाला.”

दोघं बाथरूमच्या बाजूच्या बोळात आले. तिथे जरा कमी ओरडावं लागत होतं.

“आता एकालाच वाजवता येईल,” ती म्हणाली. “एकाला निघायला हवं. आत्ताच.”

“काकूंना विचारून तर बघ. अर्धा तास थांबतील.”

“तू विचार.”

“माझ्याशी त्या धड बोलत नाहीत. तू कर ना फोन.”

काकू सगळ्यांशी तसंच बोलत. पण अवघड फोन तिनेच करायचे, हेही कधीतरी न ठरवता ठरलं होतं. ती जिन्याकडे वळली.

खाली मेसेज तेवढे कसेबसे यायचे; बोलण्याइतकं नेटवर्क मिळायला जिन्याच्या वरच्या वळणापर्यंत जावं लागलं. डोक्यात तिडीक गेली होती. लग्नाआधीपासून ती त्याच्याच बँडमध्ये बेस वाजवायची, मागे, ड्रमच्या शेजारी. लेक झाली तेव्हा “तुझी जागा तुझीच,” असं सगळ्यांनी सांगितलं होतं. ती परत आली तेव्हा त्या जागेवर एक उंच मुलगा उभा होता, आणि पंचाईत म्हणजे तो खरंच चांगला वाजवत होता. “आता त्याला कसं काढायचं?” म्हणून नवऱ्याने काखा वर केल्या होत्या. मग तिने स्वतःचा बँड जमवला. चष्म्याच्या दुकानात तिच्या शेजारी बसून भिंगं घासणारा सहकारी गिटारवर आणि एक दातांची डॉक्टरीण ड्रमवर. दर रविवारी डॉक्टरीणबाईंच्या बंद दवाखान्यात, पेशंटच्या खुर्च्या भिंतीला लावून त्यांची तालीम चालायची. गाणी तिची होती आणि गाणारही तीच होती. लोकांसमोर आज पहिल्यांदा. हे आज झालं नाही तर पुन्हा कधी? डॉक्टरीण दवाखाना हलवणार होती, सहकाऱ्याची बदली व्हायची होती, आणि पुढचं कुणी बघितलंय.

काकूंनी दुसऱ्याच रिंगला फोन उचलला.

“काकू, अहो, इथे जरा उशीर…”

“अगं, आधी ऐक. पोरगी झोपलीय. आणि यांना मी इकडेच बोलावून घेतलंय. तुमच्या टेबलावरच पानं घेतेय. तुम्ही सावकाश या.”

“पण काकू, त्यांना साडेआठला…”

“मग इथे काय साडेआठ वाजत नाहीत? तुमचा टीव्ही मोठा आहे, ते खूश आहेत. दहा वाजू देत नाहीतर अकरा.”

“दोघंही थांबू म्हणता?”

“दोघंही थांबा की. एकाने लवकर येऊन काय माझं तोंड बघायचंय?”

फोन बंद झाला तरी ती तो कानाशीच धरून हसली. मग दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत खाली आली. पहिल्या बँडचा गाशा एकदाचा गुंडाळला जात होता. नवरा बोळाच्या तोंडाशीच उभा होता. तिने तोंड उघडायच्या आत तो बोलला.

“ऐक. मी विचार केला. तू वाजव, मी जातो.”

ती थबकली. त्याने हे म्हणणं नवं नव्हतं. दर वेळी तो असंच म्हणायचा, मनापासून म्हणायचा, आणि मग ती म्हणायची, नको, मीच जाते. मग तो एकदा “नक्की?” विचारायचा. एवढं झालं की ती चपला घालायची. भांडण कधी होत नसे. मित्रमंडळीत त्यांच्या समजूतदारपणाचे दाखले दिले जात.

आत्ताही त्याचा चेहरा प्रेमळ होता. फक्त जातो म्हणणाऱ्या माणसाच्या गळ्यात गिटार तशीच होती. गिटारची पेटीही त्याने आणलेली नव्हती. त्याच्यामागे मंचावर तो उंच मुलगा वायर जोडत होता आणि नवऱ्याला खुणेने विचारत होता, येतोस ना? नवऱ्याने पाठीमागे हात नेऊन त्याला थांबायची खूण केली. आलोच, अशी.

ती खूण तिने पाहिली.

“बरं,” ती म्हणाली. “जा.”

“अं?”

“जा म्हटलं. साडेआठ व्हायला आलेत.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “काकू चिडल्यात का?”

“वाट बघतायत.”

असं सरळ खोटं ती त्याच्याशी यापूर्वी कधी बोलली नव्हती. बोलताना जीभसुद्धा अडखळली नाही, याचं तिला नवल वाटलं. त्याने “नक्की?” विचारलं नाही. विचारायला त्याच्याकडे जागाच उरली नव्हती. त्याने पट्टा डोक्यावरून काढला, मंचाशी जाऊन उंच मुलाच्या कानात काहीतरी सांगितलं, त्यांच्या ड्रमवाल्याने ऐकू येईल अशी एक शिवी हासडली, आणि तो पेटी पाठीला लावून जिना चढून गेला. वळताना त्याने तिला अंगठा दाखवला. छान वाजव, अशा अर्थाचा. तेवढं त्याने करायला नको होतं.

दाढी धावत आला. “तुम्ही चढा लगेच. शेवटी उरलेल्या वेळात मी रेकॉर्डवरची गाणी लावेन, होईल सगळं.”

पहिल्या गाण्यात तिचा आवाज कापला. दुसऱ्या ओळीला शब्द गिळले गेले, ते बहुतेक कुणाला कळलं नाही. दुसऱ्या गाण्यात आवाज स्थिरावला. गादी गुंडाळलेल्या खांबाला टेकलेली एक मुलगी मान डोलवू लागली, मग तिच्या शेजारची. तिसऱ्या गाण्याला मागून कुणीतरी शिट्टी मारली. डॉक्टरीण इतकी खूश झाली की तिने ताल थोडा पळवला. माइकमागे तिला हवं होतं ते सगळं होत होतं, आणि डोक्यात मात्र स्कूटर चालली होती. आता तो पुलावर असेल. आता खाली गाडी लावत असेल. आता काकूंनी दार उघडलं असेल, हातात वाढायचा चमचा घेऊन, आणि म्हणाल्या असतील, अरे, तू कशाला आलास? बायकोला सांगितलं ना मी.

सांगू दे. तिने गाता गाताच उत्तरं तयार करायला घेतली. तुझी जागा तुझीच, हे कोण म्हणालं होतं? तो उंच मुलगा तुला दिसतो, मी कधी दिसले का? एकापेक्षा एक चांगली वाक्यं सुचत होती. वर्षानुवर्षं तोंडाशी येऊन परत गेलेली वाक्यं.

तिसरं गाणं संपलं आणि शेजारच्या अँप्लिफायरवर ठेवलेला फोन उजळला. तिने पाणी पिण्याच्या निमित्ताने तो उचलला.

“काकूंनी सांगितलं. काका आपल्या खुर्चीत बसून जेवतायत, बघण्यासारखं आहे. पिल्लू झोपलंय. परत निघतोय. तुझं शेवटचं गाणं तरी ऐकायला मिळेल ना?”

तिने ते पुन्हा वाचलं. त्यात कुठेच काही नव्हतं. टोमणा नव्हता, जाब नव्हता, फुरंगटणं नव्हतं. एवढं करूनही हा माणूस भांडायला तयार नव्हता. तिची सगळी वाक्यं तशीच्या तशी पडून राहिली, आणि तिला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं.

“घरी ठीक आहे ना?” डॉक्टरीणबाईंनी ड्रमच्या मागून विचारलं.

“सगळं ठीक आहे,” ती फाडकन म्हणाली.

दाढीने समोरून एक बोट वर केलं. एकच गाणं उरलं होतं.

“थांबायचंय का जरा?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “कुणी येणार आहे?”

“कशाला थांबायचं? कुणासाठी थांबायचं?”

तिने फोन पालथा घातला आणि मागे वळून मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी काठ्या आपटून चार मोजले. शेवटच्या गाण्याची सुरुवात नुसत्या बेसची होती, चार सुरांची फेरी, दोनदा वाजवायची आणि मग शब्द. ती दोनदा वाजवून झाली. तिने माइकजवळ तोंड नेलं आणि गायला सुरुवात न करता तीच फेरी पुन्हा घेतली. सहकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने पुन्हा तीच घेतली. लोकांना वाटलं, गाणं असंच आहे, आणि ते तालावर टाळ्या वाजवू लागले. टाळ्यांच्या वरून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, ती जिन्याच्या तोंडाकडे बघत होती. कपाळाला आठी तशीच होती. बोटं मात्र फिरून फिरून त्याच चार सुरांवर येत होती, आणि शब्द काही सुरू होत नव्हते.