ईदचा रंग आणि पिवळी जाई

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पण भंगार म्हणाल तर याद राखा, मित्रांनो! पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसच्या बाजारातून आलो तेव्हा माझ्यात सोळा किलो तूप होतं. तूप संपल्यावर घरच्या आजीने, हाज्जा फखरियाने, माझ्या तळाला खिळ्याने सहा भोकं पाडली, माती भरली आणि आपल्या आईच्या अंगणातली जाईची काडी रोवली. ते अंगण आता राहिलेलं नाही. या घरची लेक सासरी निघाली की तिच्यासोबत याच जाईचं रोप जातं.

गच्चीवर आम्ही अकरा डबे. दर ईदच्या आधी हाज्जा आम्हाला स्वतः रंगवायची. "माझ्यासारखे डबे गल्लीत दाखवा कुणाचे!" असं शेजारणींना ऐकवायची. मीही फुगायचो.

यंदा ईदनंतर जाईची पानं पिवळी पडली. नात सुंदुसचं लग्न तर दोन महिन्यांवर आलेलं.

"तहानली आहे ती," असं म्हणून हाज्जा सकाळ-संध्याकाळ पाणी ओतू लागली. माझ्या आत नुसता चिखल झाला.

"हाज्जा, फेकून द्या ती. बाजारातून दुसरी आणू," सून नुहाद म्हणाली.

"येताना सासूही दुसरी आण. स्वस्तात मिळेल!"

सुंदुस हसत मला सावलीत सरकवायला आली आणि थबकली. आजीला ती तेता म्हणते. "तेता, यात दगड भरलेस की काय? हलत नाही. आणि वास बघ कसला येतोय!"

आजी-नातीने मला आडवं केलं. रंगाचे थर चढून तळाची सगळी भोकं बुजली होती. हाज्जाने नखाने थोडं खरवडून पाहिलं.

"मीच बुडवली गं हिला."

"अजून जिवंत आहे. खिळा कुठंय, तेता?"

भोकं पुन्हा पाडली. काळी, लिबलिबीत मुळं कापली, वाळू मिसळून नवी माती घातली. मग खरं अवघड काम आलं, पाणी न घालण्याचं. हाज्जाचा हात दहादा झारीकडे वळायचा. मातीत बोट घालायची, ओल लागली की स्वतःलाच शिव्या देत माघारी फिरायची.

लग्नाच्या दिवशी जाईला फूल नव्हतं. पाच पानं होती, हिरवीगार. खरवडलेल्या मलाच हाज्जाने गाडीत नवरीशेजारी ठेवलं. व्याही मंडळी तोंड फिरवून हसली.

"हसा! पण याच्या तळाला कुणी ब्रश लावला तर माझ्याशी गाठ आहे."

आता मी सुंदुसच्या सज्ज्यात असतो. काल तिची सासू मायेने तांब्याभर पाणी घेऊन आली. सुंदुसने हात आडवा धरला. "थांबा हं, आधी बोट घालून बघा." सासूबाईंनी बोट घातलं, ओल्या मातीने भरलेलं बोट पाहिलं आणि पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

मित्रांनो, पिवळं पान दिसलं की लगेच झारी उचलू नका. आम्हाला रंगवा, मिरवा, आम्हाला आवडतं. पण वर्षातून एकदा आडवं करून आमचा तळही बघा. चूक सापडली तर कपाळ बडवत बसू नका; रोपाला त्याचा काही उपयोग नसतो.