विक्रीस नाही

“हे नाय देता येणार, काकासाहेब. आईझाड हाय ते.”

पिवळ्या जास्वंदीपुढे सांडू हात आडवा करून उभा होता. बीड बायपासवरच्या रोपवाटिकेत मागच्या कुंपणालगत अशी अकरा झाडं होती. त्यांच्या काड्या छाटायच्या, पिशव्यांत लावून वाढवायच्या आणि ती रोपं विकायची. आईझाड मात्र कधी विकायचं नाही. गिऱ्हाइकांनी हट्ट धरू नये म्हणून सांडूने प्रत्येक बुंध्याला तारेने पत्र्याची पट्टी बांधली होती. तिच्यावर लाल रंगात, त्याच्याच वेड्यावाकड्या अक्षरात ‘विक्रीस नाही’ असं लिहिलेलं होतं.

“अरे, विकतोय कुठं मी?” मालक हसले. “सिडकोत बंगला बांधला, तिथं लावायची. घरातल्या घरातच की. तुझ्या वहिनीला पहिल्या दिवसापासून फुलं पाहिजेत. पिशवीतली काडी कधी वाढायची?”

“मंग इथं रोपं कशाची करायची?”

“तिथून काड्या आणायच्या. आणि तू गावाकडं पिशोरला स्वतःची रोपवाटिका टाकलीस की ही झाडं तुझीच. शब्द दिलाय ना मी?”

हा शब्द दहा वर्षांपूर्वीचा होता. सांडू काही खुळा नव्हता. पण काकासाहेब एकदा शब्द म्हणाले, की हा गडी अक्कल गहाण टाकून मोकळा.

बंगल्यात कुठे काय लावायचं, ते त्यानेच ठरवलं. खिडकीखाली एक्झोरा, कारण तो बुटका राहतो. कुंपणाला गुलाबी कण्हेर. फाटकाशी नारिंगी बोगनवेल. पिवळी जास्वंद पायरीजवळ, सकाळी दार उघडल्याबरोबर दिसावी म्हणून. तिची पहिली काडी त्याच्या बायकोने, मनकर्णाबाईने, वेरूळहून ओल्या पदरात गुंडाळून आणली होती. आठ दिवस तो मुळांचे गड्डे गोणपाटात बांधून लेकरासारखे नेत होता. आषाढाची भुरभुर होती. एकही झाड सुकलं नाही.

“सांडू, तुझी निवड म्हणजे निवड!” द्वारकावहिनी म्हणाल्या. तो लाजून हसला.

नवव्या दिवशी तो रोपवाटिकेवर आला, तर कुंपण आडवं पडलेलं. आत जेसीबी चालला होता आणि जमिनीवर चुन्याच्या रेघा ओढलेल्या होत्या. बद्रीनाथ नावाचा एक माणूस नकाशा धरून उभा होता.

“प्लॉटिंग पडलंय ना इथं,” तो म्हणाला. “सौदा तर पाडव्यालाच झाला. तुमाला म्हाईत नाय?”

पाडव्याला! म्हणजे काड्या तिथून आणू म्हणाले, तेव्हा इथं लावायला जागाच उरली नव्हती. सांडूला संताप आला, रडू आलं. आणि सगळ्यात जास्त लाज वाटली ती एकही मूळ तुटू न देणाऱ्या आपल्या हातांची.

तो तसाच बंगल्यावर गेला. काकासाहेब ओट्यावर चहा घेत होते.

“सांगणारच होतो रे. तू आठवड्यातून दोनदा येत जा की बाग बघायला.”

“आन् माझी झाडं?”

“आता मुळं धरलीत त्यांनी. हलवली तर मरतील. तूच सांगायचास ना?”

“मंग काड्या तरी नेतो.”

द्वारकावहिनी दारातून गोड आवाजात म्हणाल्या, “काड्या बाहेर नेऊ नको हं. हे रंग आपल्याकडंच राहू देत.”

आपल्याकडं. सांडूने पिशवीतून पक्कड काढली आणि फाटकापासून सुरुवात केली. प्रत्येक बुंध्यापाशी वाकून तो तार कापत गेला.

“अरे, हे काय करतोस?”

“झाडं तुमची. पट्ट्या माझ्या हायेत.”

शेवटची पट्टी जास्वंदीची. तिला टपोरी कळी आली होती. कळीला धक्का लागू नये, म्हणून हात त्याने आपोआप सांभाळला, आणि त्याचाही त्याला राग आला.

घरी पिशवी ठेवताना पत्रे खणखणले. मनकर्णाबाईने आत डोकावून पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही.

“पिवळीला कळी आली व्हय?” तिने विचारलं.

“आली.”

तिने एक पट्टी बाहेर काढली आणि तिच्यावरची माती पदराने पुसू लागली.