आधी खोड सांगावी

माझे वडील राधाकिसन केदारखेड्यात मेंढरं राखायचे. आम्ही त्यांना दादा म्हणतो. बाजारात जनावर विकायची त्यांची जगावेगळी रीत होती. गिऱ्हाईक जवळ आलं की आधी खोड सांगायची, मग गुण, मग भाव. "ही मेंढी जराशी लंगडती. ह्यो बोकड टक्कर मारतो, लेकराबाळाच्या घरात नेऊ नका." बाकीचे विकणारे कपाळाला हात लावायचे. मी त्यांच्या धोतराचा सोगा धरून उभी असायची आणि मला वाटायचं, असा भोळा माणूस उभ्या तालुक्यात नसेल. खरं सांगायचं तर लाजच वाटायची.

बारावीला मी पुण्याकडच्या एका नावाजलेल्या खाजगी विद्यापीठाचा अर्ज भरला. फी ऐकूनच घाम फुटावा अशी. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं, नाहीतर गपगुमान भोकरदनला बी.ए. करायचं, असं घरात ठरलं होतं. हजारो अर्ज आणि शिष्यवृत्त्या फक्त बारा. निबंध झाला, मार्कशीट जोडली. शेवटी एक अट होती, पालकांनी स्वतःच्या हातानं मुलीविषयी पत्र लिहावं.

सातवी शिकलेल्या दादांनी ते लिहिलं आणि मला न दाखवता हरिओमच्या नेट कॅफेत देऊन आले. दुसऱ्या दिवशी मी तिथं जाऊन स्क्रीनवर वाचलं.

"आकांक्षा हट्टी हाय. भाकरी करपवती. मास्तरासंगं वाद घालती. चूक कबूल करायला दोन दिवस लावती."

पुढचं वाचवलंच नाही. हरिओम म्हणाला, "अर्ज कालच गेला. आता काई होत न्हाई."

घरी येऊन मी आकाशपाताळ एक केलं. "लोकं आपल्या पोरांची आरती ओवाळून राह्यले, अन् तुम्ही माझं वाटोळं केलं!"

"मागून कळण्यापरीस आधी सांगितलेलं बरं, माय," दादा एवढंच म्हणाले. मी आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरला. तेव्हाचा तो राग आठवला की आता माझं मलाच हसू येतं.

तरी मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ते पत्र समोर ठेवूनच विचारलं, "तू हट्टी आहेस?"

"बिलकुल न्हाई!" म्हणत मी चांगली दहा मिनिटं भांडले. बाई आणि शेजारचे दोघं सर पोट धरून हसायला लागले. आता गेली शिष्यवृत्ती, म्हणून मी रडवेली होऊन बाहेर आले.

महिन्यानं निकाल लागला. बारांत माझं नाव होतं. दादांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मी मात्र त्यांची माफी मागितली नाही.

त्याला नऊ वर्षं झाली. मी बंगळुरूला नोकरी करते, दिवाळीला चार दिवस घरी जाते. मागच्या महिन्यात विद्यापीठानं जुन्या विद्यार्थ्यांना त्यांचे अर्ज आठवण म्हणून पाठवले. दादांचं पत्र मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं.

"खोडी सांगितल्या. गुण सांगत न्हाई, कारण पोरगी इकायला काढली न्हाई. शिकून झाली की बराबर वापस धाडा. तिच्याबिगर घर सुनं लागंल."

ऑफिसात सगळ्यांसमोर मी ढसाढसा रडले. दादांचा फोन दर रविवारी येतो. पाऊसपाणी सांगतात, जेवलीस का विचारतात. कधी येतीस, असं त्यांनी नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही.