गप्प बसवलेला कुकर

मी एक जुना कुकर आहे, मित्रांनो, आणि मला झाकण नाही. ओट्याखाली खिडकीच्या बाजूला मी बसलेला असतो. हल्ली माझ्या पोटात बटाटे ठेवतात. कधी बटाटे, कधी कांदे. ज्याने एके काळी कडक चणे लोण्यासारखे मऊ करून दाखवले, त्याने आता कच्च्या बटाट्यांची राखण करायची! असो. रडगाणे गायला मी बसलेलो नाही. माझे झाकण कुठे गेले, ते सांगायला बसलो आहे. नीट ऐका, कारण तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेलच.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची एक गोल चकती यंत्राखाली ठेवली, वरून एक दणका बसला आणि मी खोलगट झालो. मग झाकण आले, मुठी आल्या. वाफेला बाहेर पडायला मला दोन वाटा दिल्या गेल्या. एक शिट्टीची, ती तुम्हाला माहीत आहे. दुसरी तिच्या शेजारी, बटणाएवढी, तिला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तिच्या पोटात मऊ धातू असतो. शिट्टी तुंबली किंवा आतले पाणी आटले, तर तो धातू वितळतो आणि वाफ तिथून निघून जाते. एका वेळचे जेवण जाते, माणसे राहतात.

मी तापट आहे, हे मी लपवत नाही. पण मनात काही ठेवत नाही. डोके तापले की शिट्टी मारतो आणि मोकळा होतो. भीती बाळगायची ती गप्प बसणाऱ्यांची.

मला या घरात आणले ते आईने. म्हणजे दादा आणि ताई यांच्या आईने, पण सगळे तिला आई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. घरात चौथे काका, मुलांच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेले तेव्हा मुले लहान होती. काकांनी स्वतःचे लग्नबिग्न बाजूला ठेवले आणि हे घर सावरले. बस डेपोत ते हिशेबनीस होते आणि घरी आले की सुतार, गवंडी, वायरमन सगळे तेच. त्यांनी दुरुस्त केल्यापासून पंखा एकाच वेगाने फिरायचा, पण फिरायचा. त्यामुळे त्यांच्या कामाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती.

आईच्या हाताला चव होती. त्यात माझाही वाटा होता, हे मी ठासून सांगतो. तळाच्या डब्यात डाळ, मधल्यात भात, वरच्यात बटाटे. जेवायला चौघे एकदम बसत. एक जण जरी यायचा राहिला असला, तरी भांड्यांवरची झाकणे निघत नसत. आई म्हणे, एकट्याने खाल्लेले अंगी लागत नाही. शेजारीण कधीतरी कुरकुरायची की तुमचा कुकर फार बोंबलतो बाई. आई हसून म्हणायची की बोंबलू दे, या घरात जेवण शिजतंय एवढं तरी कळतं सगळ्यांना. तेव्हा माझी छाती कशी भरून यायची!

एकदा मात्र आई डब्यांशिवाय नुसती डाळ लावून शेजारणीशी बोलत बसली आणि माझ्यातले पाणी आटत आले. व्हॉल्व्हचा मऊ धातू वितळला, वाफेचा फवारा उडाला आणि डाळ छताला चिकटली. आईने कपाळाला हात लावला. कुणाला काही झाले नाही. म्हणजे व्हॉल्व्हने आपले काम चोख केले होते. आता त्याच्या जागी नवा आणायचा, भांड्यांच्या दुकानात तो सहज मिळतो. पण दुकान त्या दिवशी बंद होते आणि काकांना दम कुठला? त्यात काय एवढं, म्हणत त्यांनी खिळ्या-स्क्रूंचा डबा काढला. एक बोल्ट भोकात बरोबर बसला. खालून नट लावून त्यांनी तो पान्याने असा आवळला की माझ्या झाकणाला कळ लागली.

"भाऊजी, तुमच्या हाताला गुण आहे," आई म्हणाली.

काका खूश झाले. खरा व्हॉल्व्ह नंतर आणू, असे ठरले. ते नंतर काही आले नाही. भात पूर्वीसारखाच होत होता, मग कोण कशाला लक्षात ठेवणार? पण त्या दिवसापासून मला आतून कसेतरी वाटू लागले. दोनपैकी एक दार कायमचे बंद झाले होते. रोज गॅस पेटला की मी मनात म्हणायचो, शिट्टी आहे ना, मग झाले.

पुढे दादाला पावाच्या कारखान्यात रात्रपाळीची नोकरी लागली. कणीक मळण्याचे मोठे यंत्र त्याच्याकडे होते. तो सकाळी घरी येई आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत झोपे. दुपारी उठला की चौघे एकत्र जेवत. काका त्यासाठी डेपोतून जेवणाच्या सुट्टीत येत, ताई औषधांच्या दुकानातून येई. दिवसातले तेवढेच एक जेवण आता सगळ्यांचे मिळून होते. आईने त्या जेवणाला फार जपले. पण स्वयंपाक त्याच्या झोपेच्या वेळी करावा लागे, आणि माझी पहिली शिट्टी झाली की दादा दचकून उठून बसे.

एके सकाळी तो आला तो हाताला पट्टी बांधून. उभ्या उभ्या डुलकी लागली आणि बोटे यंत्रात जाता जाता वाचली. नुसते खरचटले होते. आई त्या पट्टीकडे बघतच राहिली. मग दादा झोपल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्याकडे तिने तसे कधी बघितले नव्हते. शिट्टीमुळे पोराची झोप जाते, आणि झोप गेली तर पोराचा हात जाईल, असा सरळ हिशेब तिने केला. आईच तिने. त्यात चुकीचे काय होते, सांगा बरे?

आधी ती चमच्याने शिट्टी उचलून वाफ हळूहळू सोडायची. पण वाफेचा आवाज होईच. मग तिने ओल्या फडक्याची घडी शिट्टीवर ठेवली. आवाज दबला, पण फडके उडून पडे. शेवटी तिने मसाला कुटायचा लोखंडी खल घेतला आणि फडक्यावरून उपडा घातला. मला जड टोपी घातल्यासारखी! मी जोर लावला. खल जरासा हलला, कडेने थोडी वाफ निसटली आणि पुन्हा बसला. आवाज म्हणून नाही. शेजारच्या खोलीत दादा घोरत होता. आईने पदराने डोळे पुसले, इतकी ती निश्चिंत झाली.

घरालाही मग कुजबुजायची सवय लागली. ताई चपला दाराबाहेर काढायची. काका घसा खाकरायला अंगणात जायचे. कुणी जरा मोठ्याने बोलले की आई ओठांवर बोट ठेवायची, "हळू, दादा झोपलाय." महिन्यामागून महिने गेले. दादाचे डोळे निवळले, अंगावर मांस आले. आईचे सगळे बरोबर ठरत होते.

मी अजून फुटलो कसा नाही, असे तुम्ही विचाराल. त्याचे श्रेय एका दोषाला आहे. माझ्या झाकणातली रबराची रिंग जुनी होऊन कडक झाली होती आणि मुठीपाशी वाफ गळत होती. त्या गळतीवर मी तगून होतो. आईला मात्र तिचा वैताग. ओटा ओला होतो, गॅस जास्त लागतो, भात कच्चा राहतो, असे ती रोज पुटपुटायची. ताईने ते ऐकले आणि एका संध्याकाळी नवी रिंग घेऊन आली. स्वतः बसवली, झाकण लावून बघितले आणि आईला म्हणाली की आता बघ, थेंब गळायचा नाही. नवी वस्तू मिळाली की कुणाला आनंद होत नाही? मला झाला नाही. मी घट्ट बंद झालो होतो.

नीट लक्षात घ्या, मित्रांनो. व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट बसवणे म्हणजे काय, हे आईला ठाऊक नव्हते. दुपारी ती एकटीच स्वयंपाक करी आणि सगळे यायच्या आत खल जागेवर ठेवी, म्हणून काकांना खलाची गोष्ट ठाऊक नव्हती. ताईला दोन्ही ठाऊक नव्हते. सगळे ठाऊक होते ते मला, आणि माझे तोंड बांधलेले होते.

दादा नोकरीत कायम झाला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. गोडधोडाचा बेत होता. काकांनी रजा घेतली होती, ताई लवकर येणार होती. आईने सुके वाटाणे भिजवले होते, नेहमीपेक्षा खूप जास्त. मला गळ्यापर्यंत भरले. झाकण लावले, फडके ठेवले, खल उपडा घातला आणि ती काकडी चिरायला बसली. वाटाण्यांना फेस फार येतो. तो वर चढला, एक साल शिट्टीच्या नळीत जाऊन अडकले आणि कडेने निसटणारी तेवढीही वाफ थांबली. मी थरथरू लागलो. खल माझ्या डोक्यावर बारीक वाजत होता. आईला वाटले, वाटाणे छान शिजत आहेत.

तेवढ्यात काका चहा मागायला आत आले. रोज या वेळी ते डेपोत असत. त्यांनी माझ्याकडे बघितले. आपण बसवलेला बोल्ट त्यांना दिसला आणि त्याच्या शेजारी तो खल दिसला.

"वहिनी, गॅस बंद करा," ते म्हणाले. पण कसे म्हणाले? कुजबुजून. त्या घराची सवयच तशी झाली होती.

आईला अर्धेच ऐकू गेले. तिने हसून ओठांवर बोट ठेवले आणि दादाच्या खोलीकडे मान केली. मग ती उठून ओट्याजवळ आली, काकांना चहा टाकायला. काका धावले. त्यांचा हात गॅसच्या बटणाला लागला, बटण फिरलेही.

मग माझे झाकण गेले.

ते छताला आपटले, तिथून मांडणीवर पडले आणि मांडणी खाली आली. वाटाणे, वाफ, काचा, सगळे एकदम. काकांचा हात कोपरापर्यंत भाजला. आई भिंतीशी बसली होती. तिच्या मानेवर वाफेचा चट्टा उठला होता आणि एका कानातून रक्ताची धार येत होती. दादा झोपेतून धावत आला आणि तिला हाका मारू लागला. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मग ती बोलली, त्या घरात वर्षभरात कुणी बोलले नसेल इतक्या मोठ्याने.

"तू कशाला उठलास? जा, झोप जा."

डॉक्टरांनी खूप केले. एक कान गेला तो गेलाच. दुसऱ्याला, अगदी जवळ जाऊन मोठ्याने बोलले तर थोडे ऐकू येते. काकांचा हात बरा झाला, पण त्यांनी पुन्हा पाना धरला नाही. नळ गळला तरी ते म्हणतात, कारागिराला बोलवा. माझे वाकडे झालेले झाकण त्यांनी भंगारात देऊ दिले नाही. ते त्यांनी स्वतःच्या खाटेखाली ठेवले आहे. ताई अजून म्हणते की रिंग मीच आणली होती. दादा म्हणतो की हे सगळे माझ्या झोपेपायी झाले. आई कुणालाच काही म्हणत नाही, आणि तेच त्यांना जास्त लागते.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. घरच्या कुकरची शिट्टी, रिंग आणि व्हॉल्व्ह वेळच्या वेळी बघत जा. जे बिघडेल त्याच्या जागी तेच आणा, दुसरे काहीतरी ठोकून बसवू नका. कुणाच्या आवाजाचा त्रास होऊ लागला, तर तो दाबून टाकण्याआधी तो का येतो आहे, ते विचारा. आणि जिवावरची गोष्ट कधीही कुजबुजून सांगू नका. झोपलेला माणूस जागा झाला तर पुन्हा झोपेल.

एवढे सांगून मी थांबतो, कारण वर ओट्यावर नवा कुकर शिट्टी देतो आहे. काका घरी असले की त्याच्याजवळ उभे असतात, पण आज ते औषध आणायला गेले आहेत. आई पाठमोरी बसून भाजी निवडते आहे. दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली. तिला काही कळले नाही. शेजारच्या खोलीचे दार उघडले आणि दादा अनवाणी आला. त्याने गॅस बंद केला. त्याची सावली हातावर पडली तेव्हा आईने वळून बघितले.

"झोप मोडली ना रे तुझी?" तिने सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले.

दादा खाली वाकला, तिच्या बऱ्या कानाशी तोंड नेले आणि मोठ्याने म्हणाला, "नाही गं आई, जागाच होतो मी."

त्याच्या गालावर उशीचे वळ उमटलेले होते.