ल्युख्तिनच्या नावावर

प्रदर्शनाच्या दारातच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: वेनियामिन ल्युख्तिन, चित्रकार, कवी, संगीतकार. वाचूनच माझं डोकं सणकलं. वेन्याला गिटारवर एक सूर धड काढता येत नव्हता. त्याला चित्रं यायची, तेवढीच. पण ती अशी की बघणाऱ्याची बोलती बंद व्हावी.

बाकीचं सगळं आमचं. लेनिनग्राडच्या एका बॉयलरघरात आम्ही पाच जण पाळीपाळीने कोळसा टाकायचो, कारण नोकरी नसली तर ऐतखाऊ म्हणून पकडून नेत. तिथेच तोलिक सरकारपासून चोरून आपली गाणी रेकॉर्ड करायचा, तिथेच मी माझ्या कविता टाइप करायची. नाव मात्र सगळ्यावर वेन्याचं. त्याच्याकडे वेडाचा सरकारी दाखला होता, सैन्यात जावं लागू नये म्हणून मिळवलेला. वेड्याला तुरुंगात टाकत नाहीत, असा आमचा अंदाज. तोच म्हणाला होता, "खपवा माझ्या नावावर. माझं काय वाकडं होणार आहे?"

आज चाळीस वर्षांनी मी माझ्या एकोणीस कविता परत मागायला आले होते. पिशवीत त्यांची हस्तलिखित वही होती.

वेन्याची बायको नेल्ली आत मालकिणीसारखी मिरवत होती. मला बघताच तिने तोंड वाकडं केलं. मी तिला ओलांडून प्रदर्शन मांडणाऱ्या अलीसाला गाठलं. पोरगी तिशीचीही नसेल. मी वही उघडली आणि सांगितलं, कविता माझ्या आहेत, पाटीवर माझं नाव हवं.

ती गोड हसली, त्याचाच मला राग आला. असं सांगणारे बरेच येतात म्हणे. परवा एक म्हातारा येऊन गाणी आपली म्हणत होता. म्हणजे तोलिकही येऊन हात हलवत गेला होता.

"आजी, वही नंतरही लिहिता येते," ती म्हणाली. "आमच्याकडे त्या काळचा पुरावा आहे. या."

काचेच्या कपाटात एक पिवळा कागद होता. 'सर्व कविता ल्युख्तिनच्या आहेत. मी फक्त टाइप केल्या. र. गालकिना.' मार्च १९८३. अक्षर माझं. आडनावही माझंच, लग्नाआधीचं.

शेजारच्या कागदावर वेन्याचे वेड्यांच्या इस्पितळातले सात महिने. तिथून सुटला तेव्हा त्याचा हात इतका थरथरायचा की चमचा तोंडापर्यंत जात नसे. त्यानंतर त्याने एकही चित्र काढलं नाही.

ही बाई आम्हाला खूप शोधूनही सापडली नाही, अलीसा सांगत होती, बहुतेक खबरी असावी.

नेल्ली मागे येऊन उभी होती.

"बोल की," ती हळूच म्हणाली. "मरेपर्यंत त्याने तुझं नाव घेतलं नाही. आता तूच घे."

आमचं तसं ठरलंच होतं, असं मी म्हणू शकले असते. खोटं नव्हतं ते. पण चौकशीला बोलावलं तेव्हा गुप्त पोलिसांच्या अधिकाऱ्याने मला चहा दिला, आणि तो संपायच्या आत मी सही करून मोकळी झाले. वेन्याला कुठे नेतील हे मला सही करतानाच कळलं होतं.

मी वही पिशवीत कोंबली. मग माझीच मला चीड आली आणि ती पुन्हा बाहेर काढली.

"रिम्मा गालकिना," मी अलीसाला म्हटलं. "कवितांवर लिही आणि या कागदावरही पूर्ण नाव लिही. ती मीच."

तिचं हसू मावळलं. खिशातून पेन काढून तिने विचारलं, आधी कोणती पाटी बदलू?

"ही," मी म्हटलं आणि पिवळ्या कागदावरच्या काचेवर बोट ठेवलं.