नळाजवळची पालथी कुंडी

"जने, शेंडा नको वढू गं. शेंडा तुटला का येल चार तोंडांनी येते. आई शोध तिची. आई निघली का पोरं आपसूक निघतात."

जनाने आपल्या आईचा, चंद्राबाईचा, हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती नाचणीच्या शेतात आईच्या लुगड्याला धरून बसली होती. त्याला चाळीस वर्षं उलटली. चंद्राबाई गेली, ते शेतही गेलं. पण दहिवलीत जिथे ती बागकामाला जाई त्या द्वारकाकाकूंच्या हिरवळीवर खुरपं टेकवलं की आवाज अजून कानाशी येऊन बसे. आज तर तो पहाटेपासून हटायलाच तयार नव्हता.

आज चार वाजता हरेश येणार होता.

खालापूरकडे नवं रिसॉर्ट उभं राहिलं होतं आणि तिथली बाग हरेशच्या ताब्यात होती. जिथे लग्नं लागतात ती अख्खी हिरवळ सरपटत्या वेलींनी धरलेली. पोरंबाळं तिथे लोळतात म्हणून औषध मारायचं नव्हतं, वेल हातानेच काढायची होती. जना, तिची शेजारीण मंगळी आणि वाडीवरच्या आणखी चौघी, अशा सहाजणींनी ते काम मागितलं होतं. बारमाही काम, तेही एका जागी. हरेशने एकच अट घातली होती: तुमच्या हातची एखादी हिरवळ आधी दाखवा, तिच्यात एक वेल दिसली तरी मी दुसरी माणसं बघतो.

म्हणून सकाळपासून जनाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. चुलीपुढे बसली तर हात इतके घाईत की तिची मुलगी भाग्यश्री हसत म्हणाली, "आये, भाकरी थापतेस का टाळ्या वाजवतेस?"

काकूंच्या अंगणात ही वेल आणली ती त्यांच्या यजमानांनी, दत्तोपंतांनी. रसायनीच्या कारखान्यात नोकरीला होते तेव्हा तिथल्या वसाहतीतून एक कांडी रुमालात गुंडाळून आणली आणि कुंपणाला लावली. पानं चकचकीत, फुलं हळदीसारखी पिवळी. नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. जना तिला पसरी म्हणे. कुंपण सोडून पसरी हिरवळीत उतरली आणि जिथे पेर टेकेल तिथे मूळ सोडत चालली. दत्तोपंत गेले, पसरी राहिली. चौदा वर्षं झाली, दिवाळी आली की जना येऊन ती काढायची. तिच्या पाठोपाठ आळी करणं, खत देणं, पाणी घालणं अशी कामं निघत आणि उन्हाळा सरेपर्यंत पुरत. पुढच्या पावसात पसरी पुन्हा हिरवळीत हजर.

"चिवट गं बाई," काकू म्हणत, "अगदी ह्यांच्यासारखी."

जना मान डोलावून दुसरीकडे बघे. कारण एक गोष्ट तिने आजवर कुणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. नळाजवळ एक फुटकी कुंडी पालथी घातलेली असे. दरवर्षी सगळी वेल निघाली की वीतभर मुळी, दोन डोळ्यांची, जना त्या कुंडीखाली स्वतःच्या हाताने ठेवून देई. कुंडी हलवू नका, खाली मोठा बेडूक बसतो, असं तिनेच काकूंना सांगून ठेवलं होतं. काकू सापाला भ्यायच्या नाहीत, पण बेडकाला भ्यायच्या.

यंदा मात्र तिने आठ दिवसांत हिरवळ साफ करत आणली. तुला कुणी झपाटलंय का गं, असं काकूंनी दोनदा विचारलं. मंगळी हाताखाली होती आणि तिच्या तोंडाला विसावा नव्हता. जनाच्या ओठांवर मात्र गाणं होतं, जुन्या चालीवर तिनेच बांधलेलं:

येली गं बाई येली, किती जाशील गं पायी
पेरापेरात तुज्या, लपली तुजी आई

"आज लगीन कुणाचं गं, तुजं का येलीचं?" मंगळीने टोमणा मारला. जना हसली आणि तिला बादली घेऊन विहिरीकडे पाठवलं.

मग एकटीने कुंडी उचलली.

मुळी मनगटाएवढी जाड झाली होती. जनाने भोवतीची माती बोटांनी सोडवली, खुरप्याचं टोक खाली घातलं आणि श्वास धरून उचललं. बाळंतिणीची वार सुटावी तशी ती एकदम सैल झाली, आणि नळापासून कुंपणापर्यंत मातीखालून गेलेला शेवटचा दोर सरसर तिच्या हातात आला. जना उकिडवी बसून हसत राहिली. दोर तिने उपटलेल्या वेलींच्या ढिगावर टाकला. मुळी टाकवेना. ती पदरात बांधली.

चारला हरेशची मोटारसायकल फाटकाशी थांबली. त्याने चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी हिरवळ उभी-आडवी तुडवली. चार ठिकाणी बसून गवत बोटांनी फाकवून पाहिलं. जना आणि मंगळी पायरीशी श्वास रोखून उभ्या. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"मावशी, गालिचाच केलाय तुमी," तो म्हणाला. मंगळीने जनाच्या कमरेला जोरात चिमटा काढला.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांना जनाचं कौतुक सांगितल्याशिवाय राहवेना. "अहो, चौदा वर्षं ही बाई त्या वेलीशी झगडतेय. दरवर्षी ही मुळापासून काढते आणि दरवर्षी ती पुन्हा येते. पण जना हार मानत नाही हो."

हरेशने कुंपणाजवळच्या ढिगाकडे पाहिलं. कप खाली ठेवला.

"चौदा वेळा आली म्हंजे मूळ कदी निघालंच नाय, मावशी," तो हळूच म्हणाला. "वरवर साफ दिसतंय. माझ्याकडं असं झालं तर पुढच्या साली मलाच घरी बसवतील." वाईट वाटून घेऊ नका असंही तो काहीसं बोलला, आणि चपलांकडे वळला.

मंगळीचं तोंड उघडंच राहिलं. काकूंना आपलं काय चुकलं ते कळेना, त्या जनाकडे बघू लागल्या. चौदा वर्षं ज्या विश्वासाने त्यांनी फाटकाची किल्ली तिच्या हाती दिली होती, तो विश्वास त्या नजरेत जसाच्या तसा होता. जनाला वाटलं, तोंड मिटून ठेवावं. काम जाईल, पण ही नजर राहील. मग वाडीवरच्या चौघी आठवल्या. दिवाळी झाली की माणसं भरून न्यायला वीटभट्टीवाल्याचा ट्रक वाडीच्या तोंडाशी उभा राहायचा, तो आठवला.

तिने पदराची गाठ सोडली. मुळी काकूंच्या पुढ्यात पायरीवर ठेवली. हरेशचा एक पाय चपलेत होता, दुसरा तसाच थांबला.

"काकू," जना म्हणाली, "त्या कुंडीखाली बेडूक कदीच नव्हता. ही होती. दरसाल मीच ठेवायची, माज्या हातानं. येल आली का काम असायचं, काम असलं का भट्टीवर जावं लागायचं नाय. हिच्या जीवावर माजी पोर शाळंत राहिली, बारावी झाली." तिने मुळीवर बोट टेकवलं. "आज काढलीय. आता नाय यायची."